परदेशी विधिपदवीधरांसाठी अमेरिकन कायद्याचे उन्हाळी अध्ययन

परदेशात कायद्याची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांना व वकिलांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायदा, न्यायसंस्था आणि विधिशिक्षणाची रीत यांची ओळख करून देणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना 'अमेरिकन कायद्याचे उन्हाळी अध्ययन' म्हटले जाते. हे अभ्यासक्रम प्रामुख्याने जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे अमेरिकन विद्यापीठांच्या दीर्घ सुटीत, भरतात आणि काही आठवड्यांत संपतात. यांतून प्रमाणपत्र मिळते. पदवी मिळत नाही आणि अमेरिकेत वकिली करण्याचा अधिकारही मिळत नाही. प्रमाणपत्र, एल.एल.एम. पदवी आणि वकिलीची सनद या तीन वेगळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत झाल्याने विद्यार्थ्यांच्या अपेक्षा पुष्कळदा चुकतात.

भारतातून, आणि त्यातही महाराष्ट्रातून, अमेरिकन कायद्याच्या अध्ययनाकडे पाहण्याची दृष्टी युरोपीय विद्यार्थ्यांपेक्षा निराळी आहे. भारतीय राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणावर अमेरिकन घटनेची छाया आहे आणि त्या प्रकरणातील एका महत्त्वाच्या तरतुदीचा धागा रायगड जिल्ह्यातील महाडपर्यंत पोहोचतो. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील न्हावा शेवा बंदरामुळे अमेरिकन सागरी कायदा हाही येथे केवळ पुस्तकी विषय राहिलेला नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेत कायदा हा पदवीनंतर शिकण्याचा विषय आहे. महाविद्यालयीन पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा ज्युरिस डॉक्टर, अर्थात जे.डी., हा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. भारतातील तीन वर्षांची एल.एल.बी. याच क्रमाने येते. मात्र बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमासारखी वाट तेथे रूढ नाही.

शिकवण्याच्या पद्धतीतील फरक याहून मोठा आहे. ख्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हे १८७० मध्ये हार्वर्ड विधि विद्यालयाचे अधिष्ठाता झाले. त्यांनी १८७१ मध्ये करारविषयक न्यायनिर्णयांचा एक संग्रह पाठ्यपुस्तक म्हणून प्रसिद्ध केला. तत्त्वे आधी सांगून मग उदाहरणे देण्याऐवजी विद्यार्थ्यांनी मूळ निकाल वाचावेत, वर्गात प्राध्यापकाच्या प्रश्नांना तोंड द्यावे आणि त्या झटापटीतून तत्त्व स्वतः शोधावे, अशी त्यांची कल्पना होती. पुढे ही पद्धत सर्व अमेरिकन विधि विद्यालयांत पसरली. पुढच्याच वर्षी भारतात १८७२ चा करार अधिनियम आला, हा योगायोग लक्षणीय आहे. एकाच विषयाचे एकीकडे निकालांचे पुस्तक झाले, तर दुसरीकडे कलमांची संहिता. भारतीय विद्यार्थी आजही करार शिकतो तो कलम १० किंवा कलम २३ या क्रमांकांच्या आधाराने. अमेरिकन वर्गात बसल्यावर त्याला पहिली अडचण जाणवते ती इंग्रजी भाषेची नव्हे, तर हाताशी कलम नसल्याची. उन्हाळी अभ्यासक्रम प्रथमतः या अडचणीवरचा उपाय म्हणून उपयोगी पडतात.

अमेरिकन विधि विद्यालयांचे शैक्षणिक वर्ष ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होऊन मे महिन्यात संपते. मधल्या काळात वर्गखोल्या, ग्रंथालये, वसतिगृहे आणि काही प्राध्यापकही मोकळे असतात. 'उन्हाळी' या विशेषणामागे एवढेच व्यावहारिक कारण आहे. भारतीय विद्यार्थ्याला मात्र हा काळ गैरसोयीचा ठरू शकतो. जूनमध्ये कोकणात पावसाळा सुरू होतो, विद्यापीठाच्या अंतिम सत्राचे निकाल अनेकदा लागायचे असतात आणि व्हिसाची मुलाखत त्याच आठवड्यांत येते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे राजकीय व आर्थिक वजन वाढले, तसा तिच्या कायद्याचा अभ्यास हीही इतर देशांची गरज बनली. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकन अध्ययनाचे पहिले चर्चासत्र भरले आणि पुढे त्या उपक्रमात कायद्याच्या विषयालाही स्थान मिळाले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने नेदरलँड्समधील लायडन व ॲमस्टरडॅम या विद्यापीठांच्या सहकार्याने अमेरिकन कायद्याचा उन्हाळी अभ्यासक्रम सुरू केला. येथे विद्यार्थी अमेरिकेला न जाता प्राध्यापकच अटलांटिक ओलांडून येत. या प्रकारच्या उपक्रमांत हा सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो.

नंतर अमेरिकेतील विद्यालयांनी स्वतःच्या आवारातच असे वर्ग भरवण्यास सुरुवात केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विधि विद्यालयाचा परिचय-अभ्यासक्रम परदेशी वकील, न्यायाधीश व प्राध्यापकांमध्ये परिचित आहे. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठासारख्या संस्थांनी एल.एल.एम.च्या नव्या विद्यार्थ्यांसाठी सत्रारंभापूर्वीचे उन्हाळी वर्ग चालवले. असे दोन प्रवाह आजही दिसतात: एक केवळ परिचयाचा आणि दुसरा पदवीच्या पूर्वतयारीचा.

भारतात याला समांतर अशी मोठी उन्हाळी संस्था उभी राहिली नाही. येथील देवाणघेवाण वेगळ्या मार्गांनी झाली. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत व अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला. १९५६ मध्ये दिल्लीत भारतीय विधी संस्था स्थापन झाली आणि फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने अमेरिकन प्राध्यापक भारतीय विधिशिक्षणाच्या कामात सहभागी झाले. १९६४ मध्ये हैदराबाद येथे अमेरिकन अध्ययन संशोधन केंद्र सुरू झाले. परदेशवारी न परवडणाऱ्या अभ्यासकांना त्याच्या ग्रंथालयाचा मोठा आधार होता.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

पहिल्या आठवड्यात संघराज्याची रचना शिकवली जाते आणि भारतीय विद्यार्थ्याला सर्वाधिक अनपेक्षित वाटणारा भाग हाच असतो. भारतात न्यायालयांची उतरंड एकच आहे: जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. संसदेचा कायदा असो की विधानसभेचा, त्याचा अर्थ याच न्यायालयांत लागतो आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. अमेरिकेत पन्नास राज्यांच्या स्वतःच्या स्वतंत्र न्यायव्यवस्था आहेत आणि त्यांच्या जोडीला संघीय न्यायालये आहेत. करार, अपकृत्य, वारसा, विवाह हे विषय मुख्यतः राज्यांच्या कायद्याचे असून त्या कायद्याचा अंतिम अर्थ त्या-त्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय लावते. १९३८ च्या ईरी रेलरोड खटल्यापासून, दोन वेगळ्या राज्यांतील पक्षकारांचा वाद संघीय न्यायालयात गेला तरी तेथे राज्याचाच मूळ कायदा लागू होतो. 'अमेरिकन कायदा' असा एकसंध कायदा फार थोड्या विषयांत सापडतो. लुइझियानाच्या खासगी कायद्यावर तर फ्रेंच व स्पॅनिश परंपरेची छाप आहे.

यानंतर न्यायालयीन पुनर्विलोकनाचा विषय येतो. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या निकालात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी घटनेशी विसंगत कायदा रद्दबातल ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार मांडला. अमेरिकन घटनेत हा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. भारतीय राज्यघटनेत तो अनुच्छेद १३ मध्ये लिहिलेलाच आहे. त्यामुळे अमेरिकन प्राध्यापकाला जो युक्तिवाद विस्ताराने उलगडून दाखवावा लागतो, तो भारतीय विद्यार्थ्याला प्रथम अनावश्यक वाटतो. आपल्या घटनेत एक अनुच्छेद लिहिण्याची गरज का पडली, हे त्याला याच निकालातून कळते.

ज्यूरीचा विषयही असाच आहे. अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यांत ज्यूरीचा हक्क घटनेने दिला आहे आणि सातव्या घटनादुरुस्तीने संघीय न्यायालयांतील अनेक दिवाणी दाव्यांतही तो राखला आहे. मराठी वाचकाच्या स्मरणात ज्यूरी उरली आहे ती मुंबईच्या १९५९ मधील नानावटी खटल्यामुळे. तेथे ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि अखेरीस शिक्षा झाली. त्यानंतरच्या काळात भारतातून ही प्रथा नाहीशी झाली. उन्हाळी वर्गांत न्यायालयाला भेट ठेवलेली असते. ज्यूरी निवडताना वकील सामान्य नागरिकांना कसे प्रश्न विचारतात, हे तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळते आणि भेटीचा तो सर्वांत बोधप्रद भाग असतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील बहुसंख्य फौजदारी प्रकरणे ज्यूरीपर्यंत पोहोचतच नाहीत. आरोपी सरकारी पक्षाशी तडजोड करून गुन्हा कबूल करतो. चांगल्या अभ्यासक्रमात ही बाजूही दाखवली जाते.

उरलेला वेळ वाचन-लेखनाच्या सरावाला दिलेला असतो. निकालाचा गोषवारा तयार करताना घटना, वादाचा मुद्दा, निर्णय आणि त्यामागील कारण हे चार भाग वेगळे करावे लागतात. कोणते वाक्य निर्णयाला आवश्यक होते आणि कोणते न्यायाधीशांनी ओघात लिहिले, हे ओळखावे लागते. अशिलासाठी लिहिलेले टिपण आणि न्यायालयासाठी लिहिलेला युक्तिवाद यांतला फरक शिकवला जातो. घटनात्मक इतिहासाची व्याख्याने पुढे विसरली जातात. हा सराव मात्र मुंबईच्या उच्च न्यायालयात काय किंवा अलिबागच्या जिल्हा न्यायालयात काय, सारखाच कामी येतो.

एल.एल.एम. आणि बार परीक्षा

अमेरिकेत वकिलीचा परवाना देशपातळीवर मिळत नाही. प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. परदेशी पदवीधरांना सामावून घेणाऱ्या राज्यांत न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया ही प्रमुख आहेत.

न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाच्या नियम ५२०.६ मध्ये परदेशी पदवीधरांची पात्रता सांगितली आहे. मूळ पदवीचा कालावधी अमेरिकन अभ्यासक्रमाशी मिळताजुळता असावा आणि त्या देशाची न्यायव्यवस्था इंग्लिश सामान्य विधीवर आधारलेली असावी, या त्यातील दोन मुख्य कसोट्या आहेत. भारताची व्यवस्था दुसऱ्या कसोटीत बसते. त्यामुळे तीन वर्षांची पूर्णवेळ एल.एल.बी. किंवा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम पूर्ण केलेला भारतीय पदवीधर एल.एल.एम. न करताही न्यूयॉर्कच्या परीक्षेस पात्र ठरू शकतो. ही बाब भारतात पुरेशी माहीत नाही. परीक्षा मंडळ प्रत्येक अर्जदाराची कागदपत्रे स्वतंत्रपणे तपासते, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबता येत नाही.

यांपैकी एका कसोटीत कमी पडणाऱ्याला ती उणीव अमेरिकेतील मान्यताप्राप्त विधि विद्यालयात एल.एल.एम. करून भरून काढता येते. त्यासाठी किमान २४ श्रेयांक लागतात. व्यावसायिक नीती, कायदेविषयक संशोधन व लेखन आणि अमेरिकन कायद्याची ओळख या विषयांचे प्रत्येकी किमान दोन श्रेयांक त्यात असावे लागतात. आणखी सहा श्रेयांक परीक्षेतील विषयांचे असावे लागतात. उन्हाळी अध्ययनाच्या दृष्टीने त्याच नियमातील एक वाक्य निर्णायक आहे. संपूर्ण पदवी केवळ उन्हाळी सत्रांत पूर्ण केलेली चालत नाही. आवश्यक २४ पैकी जास्तीत जास्त चारच श्रेयांक उन्हाळी सत्रातून मिळवता येतात. श्रेयांक न देणाऱ्या परिचय-अभ्यासक्रमाची तर येथे गणनाच होत नाही. उन्हाळी प्रमाणपत्राच्या जोरावर न्यूयॉर्कमध्ये वकिली करता येईल असे सूचित करणारी जाहिरात त्यामुळे दिशाभूल करणारी ठरते.

कॅलिफोर्नियाचा नियम वेगळ्या धर्तीचा आहे. तेथे परदेशात वकील म्हणून नोंद असलेल्याला अधिक शिक्षण न घेता परीक्षेस बसता येते. नोंद नसलेल्या पदवीधराला मात्र साधारणतः एक वर्षाचे अमेरिकन विधिशिक्षण घ्यावे लागते. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घेऊन मगच अर्ज करणे त्यामुळे सोयीचे ठरते.

न्यूयॉर्कने जुलै २०१६ पासून अनेक राज्यांना समान असलेली बार परीक्षा स्वीकारली. दोन दिवसांच्या या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न, निबंधवजा उत्तरे आणि प्रत्यक्ष कामकाजावर आधारित लेखन असे भाग आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ४०० पैकी २६६ गुण लागतात. याखेरीज व्यावसायिक नीतीची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यास व चाचणी, ५० तासांची विनामूल्य विधिसेवा आणि कौशल्याची पूर्तता या अटी आहेत. परीक्षा फेब्रुवारी व जुलै महिन्यांत होते. मे महिन्यात एल.एल.एम. संपवलेल्या परदेशी विद्यार्थ्याचा पुढचा उन्हाळा याच तयारीत जातो आणि अमेरिकेतील उन्हाळी अध्ययनाचा सर्वांत खडतर प्रकार हाच म्हणावा लागेल.

महाड आणि अमेरिकन नागरी हक्क कायदे

अमेरिकन कायद्याच्या वाचनाचा महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी परिणाम डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या लेखनात दिसतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तेथे राहिले. तेथे त्यांचे विषय अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र व तत्त्वज्ञान हे होते. कायद्याची पदवी त्यांनी अमेरिकेत घेतली नाही. बॅरिस्टर ते १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून झाले. अमेरिकन कायदा त्यांनी वर्गात बसून नव्हे, तर स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर शोधत वाचला.

तो प्रश्न महाडच्या चवदार तळ्याच्या रूपाने समोर होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी.के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात कोणालाच बजावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी घेतले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. डिसेंबर १९२७ मधील दुसऱ्या परिषदेसाठी स्थानिक मोटारवाल्यांच्या असहकारामुळे डॉ. आंबेडकर व प्रतिनिधी मुंबईहून पद्मावती बोटीने सावित्रीच्या खाडीतील दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. तत्पूर्वी सवर्णांपैकी काहींनी तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, हे त्याचे कारण होते. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनीच १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींचा राजद्रोहाचा खटला चालवला होता.

हा विजय प्रथेच्या पुराव्यावर उभा होता, समतेच्या हक्कावर नव्हे. तशी प्रथा पुराव्याने सिद्ध झाली असती, तर काय? या ठिकाणी अमेरिकन कायद्याचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. मार्च १९४७ मध्ये अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी सार्वजनिक सोयींच्या समान उपभोगाविषयीची तरतूद सुचवली आणि ती अमेरिकन काँग्रेसच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवर आधारल्याचे टिपणात नोंदवले. यांपैकी १८७५ चा कायदा खानावळी, वाहने, नाट्यगृहे यांच्या समान वापराचा हक्क देणारा होता. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये त्यातील ही मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांच्या कृतीला बंधन घालते, खासगी व्यक्तीच्या वर्तनाला नाही, असे कारण न्यायालयाने दिले.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ची रचना या पार्श्वभूमीवर वाचण्याजोगी आहे. दुकाने, उपाहारगृहे यांतील प्रवेश आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर याबाबत कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने निर्बंध असणार नाही, असे तो सांगतो. तो केवळ राज्यसंस्थेला उद्देशून लिहिलेला नाही. खासगी दुकानदारही त्याच्या कक्षेत येतो. अमेरिकेत जो दरवाजा १८८३ मध्ये बंद झाला, तो भारतात घटनेतच उघडा ठेवला गेला. 'विहिरी' आणि 'तलाव' हे शब्द कोणत्याही अमेरिकन कायद्यातून आलेले नाहीत. त्यांच्यामागे महाडसारख्या ठिकाणांचा अनुभव आहे.

अनुच्छेद २१ चा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. संविधान सभेचे सल्लागार बी.एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत गेले असता न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी 'ड्यू प्रोसेस' ही संकल्पना न्यायाधीशांच्या हाती अवाजवी सत्ता देते, असा सल्ला दिला. परिणामी मसुद्यात तिच्या जागी 'कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द आले. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे ठरवले आणि गाळलेला अमेरिकन आशय बऱ्याच अंशी परत आला.

स्वातंत्र्योत्तर काळात अमेरिकेत उच्च विधिशिक्षण घेतलेल्या मराठी अभ्यासकांत सत्यरंजन साठे यांचे नाव अग्रभागी येते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची विधिविषयक डॉक्टरेट घेतलेले साठे पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि न्यायालयीन सक्रियतेवरील त्यांचा ग्रंथ मान्यता पावला. सरन्यायाधीशपदी राहिलेले धनंजय चंद्रचूड यांनी हार्वर्डमधून १९८३ मध्ये एल.एल.एम. व १९८६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. खासगीपणाच्या हक्कावरील २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील त्यांच्या निकालपत्रात अमेरिकन निर्णयांची विस्तृत चर्चा आहे.

रायगड किनारा आणि सागरी कायदा

कुलाबा जिल्ह्याचे १ जानेवारी १९८१ रोजी रायगड असे नामांतर झाले. अलिबाग या जिल्ह्याच्या ठिकाणी ॲड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय आहे. उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि ते देशातील आघाडीचे कंटेनर बंदर बनले. यामुळे जिल्ह्यात मालवाहतूक, विमा, गोदामे, सीमाशुल्क या विषयांतील वादांना तोटा नाही.

न्हावा शेव्याहून न्यूयॉर्कला निघालेल्या एखाद्या कंटेनरमधील माल वाटेत खराब झाला, तर दोन देशांचे कायदे एकाच वेळी दारात येतात. भारतीय बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाला दीर्घकाळ १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा लागू होता. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२५ मध्ये संमत झाला. अमेरिकेचा १९३६ चा कायदा अमेरिकन बंदरात येणाऱ्या व तेथून जाणाऱ्या अशा दोन्ही मालाला लागू होतो आणि मूल्य आधी जाहीर केले नसेल तर प्रत्येक नगामागे वाहकाची जबाबदारी ५०० डॉलरपर्यंत मर्यादित ठेवतो. मग 'नग' म्हणजे संपूर्ण कंटेनर की आतील प्रत्येक खोका? या एका शब्दावर अमेरिकन संघीय न्यायालयांचे कित्येक निकाल आहेत. निकालांतून तत्त्व कसे घडते हे शिकवण्यास याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल.

सागरी प्रदूषणाच्या विषयात फरक आणखी ठळक होतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एम.एस.सी. चित्रा व खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडले आणि त्याचा तवंग मुंबई व रायगडच्या किनाऱ्याला लागला; कोळी समाजाची मासेमारी ऐन हंगामाच्या तोंडावर अडचणीत आली. ज्याची होडी फुटली नाही, जाळे फाटले नाही, पण ज्याला समुद्रात जाता आले नाही, त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई कोण देणार, हा यातील कळीचा कायदेशीर प्रश्न आहे. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९२७ च्या रॉबिन्स ड्राय डॉक खटल्यात स्वतःच्या मालमत्तेला इजा न झालेल्याचा निव्वळ आर्थिक नुकसानीचा दावा नाकारला होता. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडल्यानंतर काँग्रेसने १९९० चा तेल प्रदूषण कायदा केला. नैसर्गिक संपत्तीच्या हानीमुळे ज्याची कमाई बुडाली, त्याला ती संपत्ती स्वतःच्या मालकीची नसली तरी भरपाई मागता येते, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे. भारत तेल प्रदूषणाच्या दिवाणी दायित्वाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. अमेरिका त्यापासून दूर राहून स्वतःच्या कायद्यावर चालते. उरण, रेवस, मुरूड येथील मच्छीमारांच्या बाजूने युक्तिवाद करू इच्छिणाऱ्या वकिलाला या अमेरिकन तरतुदीचे वाचन उपयुक्त ठरेल. ती भारतीय न्यायालयावर बंधनकारक नसली तरी युक्तिवादाला दिशा देऊ शकते.

खर्च, शिष्यवृत्ती आणि मान्यता

अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठांत एल.एल.एम.चे केवळ शिक्षणशुल्क सत्तर हजार डॉलरच्या वर गेले आहे. निवास, विमा व प्रवास वेगळा. उन्हाळी अभ्यासक्रम याच्या अल्पांशात होतो, म्हणूनच तो आकर्षक वाटतो. मात्र बहुतेक मोठ्या शिष्यवृत्त्या पूर्ण पदवीसाठीच असतात. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी व डॉक्टरेटसाठी आहे. जे.एन. टाटा एन्डाउमेंट ही १८९२ मध्ये स्थापन झालेली संस्था कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. उन्हाळी वर्गाचा खर्च बहुधा विद्यार्थ्याच्या घरातूनच जातो आणि गरीब घरातील विद्यार्थी या वाटेवर फारसे दिसत नाहीत. श्रेयांक देणाऱ्या वर्गासाठी पर्यटनाचा नव्हे, तर विद्यार्थ्याचा व्हिसा लागतो.

या अभ्यासक्रमांवर एक आक्षेप असा घेतला जातो की विद्यापीठाच्या नावाचे वलय विकणे हाच काहींचा खरा उद्देश असतो. अमेरिकन बार असोसिएशन ही संस्था जे.डी. अभ्यासक्रमाला मान्यता देते, एल.एल.एम. किंवा उन्हाळी प्रमाणपत्राच्या दर्जाची तशी तपासणी ती करत नाही. म्हणून मान्यताप्राप्त विद्यालयाच्या आवारात भरणारा प्रत्येक वर्ग मान्यताप्राप्त असतोच असे नाही. वर्गात निकाल-लेखनाचा सराव आहे का, प्राध्यापक कायमस्वरूपी आहेत का, श्रेयांक मिळतात का आणि पुढील पदवीत ते धरले जातात का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घेणे इष्ट.

भारतात परतल्यावर प्रमाणपत्राला औपचारिक मूल्य नसते. वकिलीचा अधिकार १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्यानुसार मान्यताप्राप्त विधिपदवी, राज्य बार कौन्सिलची नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा यांवरच ठरतो. एक वर्षाच्या परदेशी एल.एल.एम.ची अध्यापनासाठी समकक्षता हाही वादाचा विषय आहे. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय बार कौन्सिलच्या नियमांनी तिच्यावर बंधने घातली आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. उलट दिशेने, अमेरिकन वकिलांनी भारतात काम करावे की नाही, हा प्रश्न प्रथम मुंबईतच ऐरणीवर आला. १६ डिसेंबर २००९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लॉयर्स कलेक्टिव्ह प्रकरणात, न्यायालयाबाहेरील सल्ल्याचे कामही 'वकिली'त मोडते आणि परदेशी कंपन्यांना ते नोंदणीविना करता येणार नाही, असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो मूलतः कायम ठेवून तात्पुरत्या सल्ला-भेटींना मर्यादित मुभा दिली. मार्च २०२३ मध्ये भारतीय बार कौन्सिलने परदेशी वकिलांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार नोंदणी झालेल्या परदेशी वकिलाला परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी सल्ला देता येतो, भारतीय न्यायालयात उभे राहता येत नाही.